तिसरा मनोरा

“डोंगरावरच्या राजवाड्याला कधी यावं?” हा प्रश्न चौकशीबाईंनी एकवीस वर्षांत इतक्यांदा ऐकला होता की समोरच्याने तोंड उघडायच्या आत त्यांच्या कपाळाला आठी पडे. माणसं चपलेचा रंग ठरवायला तास घेतात आणि अख्ख्या सुट्टीचा निर्णय मात्र खिडकीतल्या अनोळखी बाईवर ढकलून मोकळी होतात, हे त्यांचं ठाम मत. “थंडीत गारठा असतो का हो?” असं एकाने विचारलं, तेव्हा त्या म्हणाल्या, “छे, आम्ही डोंगर तापवून ठेवतो.” गृहस्थाने ते वहीत लिहून घेतलं.

त्यांचं खरं उत्तर एकच होतं. पाऊस ओसरला की महिनाभर धुकं बसतं. ते उठलं की या, त्याआधी नको.

त्या धुक्याचा त्यांनी धसका घेतला होता, कारण वळणावळणाच्या त्या रस्त्यावर पर्यटकांची छोटी बस पायथ्यापासून वर त्यांची मुलगी चालवत असे. रोज पावणेसातला त्या डोंगरमाथ्यावरच्या आपल्या खिडकीतून समोरच्या राजवाड्याचे मनोरे मोजत. पाचांपैकी तिसरा दिसला तर डोंगराच्या पायथ्याच्या थांब्याला फोन जाई, “रस्ता सुरू.” नाही दिसला तर, “रस्ता बंद.” त्या फोनशिवाय वरची काय, खालची काय, एकही गाडी हलत नसे. रीत साधी होती. तिला ना यंत्र लागे ना शिक्का, म्हणूनच नव्या साहेबांना ती अडाणी वाटे.

साहेबांना येऊन तीन महिने झाले होते. रस्त्याने ते एकदाच वर आले होते, तेही डोळे मिटून, कारण त्यांना गाडी लागते.

“धुकं म्हणायचं नाही, बाई. ढग म्हणायचं. ‘ढगांतला राजवाडा’! आजपासून हाच सर्वोत्तम हंगाम.”

आणि ढगांच्या या जाहिरातीसाठी त्यांनी चौकशीच्या काचेवर राजवाड्याचं भलंमोठं चित्र चिकटवलं. वर स्वच्छ निळं आकाश.

“साहेब, यातून बाहेरचं दिसत नाही.”

“बाहेर आहे त्यापेक्षा छान आहे की नाही?”

चौकशीबाई तेव्हापासून पायरीवर जाऊन मनोरे मोजू लागल्या.

त्या मंगळवारी त्यांची दाढ ठणकत होती. त्यांनी सकाळची पाळी साहेबांच्या मेहुण्याला दिली. चाळिशी उलटलेल्या या इसमाला नोकरीला लागून दोन महिने झाले होते. अजून जागा व्हायचा होता. “खिडकीतून मनोरे मोजा आणि फोन करा,” एवढंच त्या त्याला सांगून गेल्या होत्या. चित्राची आठवण करून द्यावी असं त्यांच्या मनातही आलं नाही. एवढं तर शेंबडं पोरही ओळखेल, असं त्या धरून चालल्या. चूक तिथे झाली.

घरी जीव रमेना, म्हणून सव्वासातला त्या निघाल्या. गल्लीत स्वतःचा हात दिसत नव्हता. त्यांना बरंच वाटलं. आज पोरगी खाली चहा पीत बसली असेल.

“रस्ता बंद केलात ना?” चौकशीत शिरताच त्यांनी मेहुण्याला विचारलं.

“कशाला? पाचही दिसले.”

“कुठे?”

मेहुण्याने काचेकडे पेन रोखलं. “हे काय! एक, दोन, तीन, चार, पाच. आकाशसुद्धा निरभ्र आहे.”

बाईंनी घड्याळ पाहिलं. बस सातलाच सुटली होती. फोन करावा तर पोरगी वळणावर असणार. त्या पायरीवर उभ्या राहिल्या, धुक्याच्या पांढऱ्या भिंतीकडे कान लावून. मेहुणा आतून विचारत होता, “चहा घेणार का?”

पाऊण तासाच्या वाटेला बसला दीड तास लागला. पुढे वाहक लाल फडकं घेऊन चालत होता, मागे बस पावलापावलाने. प्रवासी उतरले ते कुरकुरतच. “सगळे फोटो पांढरे आले,” एक बाई फणकारल्या. जिवंत वर पोचलो, हे एकाच्याही डोक्यात शिरलं नव्हतं.

मुलगी शेवटी उतरली. “आई, रस्ता सुरू कोणी दिला गं?”

बाईंनी बसच्या डाव्या अंगावरून हात फिरवला. दरीच्या बाजूचा कठडा घासून दोन हात लांब ओरखडा पडला होता. त्यांनी तो चाचपून पाहिला.

तेवढ्यात साहेब आले, अत्तराच्या घमघमाटासह. “वा, बस भरून आली! नऊची फेरी हिलाच घेऊन जाऊ दे खाली. लोक ताटकळलेत.”

बाई आत गेल्या, पायथ्याचा नंबर लावला आणि रिसीव्हर साहेबांसमोर धरला.

“घ्या. नाव सांगा, हुद्दा सांगा, आणि सांगा की तिसरा मनोरा दिसतोय.”

“अहो, हे तुमचं काम...”

“माझं काम मोजायचं. मला एकही दिसत नाही. तुम्हाला दिसत असेल तर तुम्ही सांगा.”

साहेबांनी काचेकडे पाहिलं, मग दाराकडे. पायरीपर्यंत गेले. त्यांच्या बुटांची टोकं धुक्यात विरघळली होती. परत येऊन त्यांनी रिसीव्हर घेतला आणि पुटपुटले, “बंद.”

“कोण बोलतंय?” पलीकडून खणखणीत आवाज आला.

साहेबांनी रिसीव्हरवर तळवा दाबला. “तुम्हीच सांगा ना, बाई. उगाच माझं नाव कशाला?”

बाईंनी रिसीव्हर ओढून घेतला. “मी बोलतेय. रस्ता बंद.”

साहेब तोवर रुमालाला हात पुसत होते.