माळासाठी केलेला अर्ज

आमच्या घरात लेखी दिल्याशिवाय काहीच खरं नसायचं. आजोबा कचेरीत, वडील कचेरीत, आणि पुढे मीही आर्णीच्या तहसिलीत कारकून. शेजाऱ्यांच्या मोरीचं पाणी आमच्या अंगणात आलं तरी वडील भांडायला जात नसत, अर्ज लिहायला बसत. कार्बन लावून दोन प्रती. दहाव्या वर्षी मला 'सविनय सादर करण्यात येते की' तोंडपाठ होतं आणि त्याची भारी घमेंड होती. हे आधीच सांगते, कारण आर्णीजवळचा एक अख्खा माळ मी असाच एका अर्जानं घालवला, आणि त्याचं खापर दुसऱ्याच माणसाच्या डोक्यावर फुटलं.

त्या वर्षांत कापसानं जिल्ह्याचं कंबरडं मोडलं होतं. तहसिलीत माझ्याकडे मदतीच्या फायलींचं टेबल होतं. घरातला माणूस गेलेला, त्याची बायको समोर उभी, आणि मी रकान्यात 'पात्र' किंवा 'अपात्र' लिहायचं. ठरवणारे दुसरे होते, पण लिहिणारा हात माझा. घरी आले की मी कशावरही भडकायचे. आई बिचारी भाजीत मीठ घालायलाही घाबरायची. रविवारी मात्र गळ्यात नागपूरहून आणलेली जुनी दुर्बीण अडकवायची आणि स्कूटीवरून गावाबाहेर निघायचं. "माणसं मरून राह्यली अन् तुमी पाखरं मोजता काय?" असं एका सहकाऱ्यानं मला भर ऑफिसात विचारलं होतं. मी त्याला फाडकन काहीतरी सुनावलं. काय ते आता आठवत नाही. पण त्याचं बोलणं लागलं होतं, आणि लागूनही मी जातच राहिले.

फाल्गुनातली गोष्ट. बंजाऱ्यांच्या तांड्यामागे एक मुरमाड माळ होता. गुडघ्याएवढं वाळलेलं गवत, मध्ये मध्ये उघडी जमीन. मी दुर्बीण डोळ्याला लावून चालले होते, तेवढ्यात मागून आवाज आला, "बाई, पाय खाली ठेवू नका." मी एका पायावर उभी. एक म्हातारा काठी टेकत आला, मागे त्याच्या गाई पांगलेल्या. त्यानं माझ्या चपलेपासून वीतभरावर काठीनं दाखवलं. मला नुसते खडे दिसले. खाली वाकून पाहिलं, तर त्यातले तीन खडे ही अंडी होती. पखुर्डीची. पखुर्डी म्हणजे कबुतराएवढा, मातीच्याच रंगाचा पक्षी. ती घरटं बांधायच्या भानगडीत पडत नाही, जमिनीत जरासा खळगा करते आणि त्यातच अंडी घालते.

"डोळ्याले एवढा मोठा चष्मा लावता, न् पायाखालचं दिसत नाई काय?" म्हातारा म्हणाला.

मला राग यायला हवा होता. माझ्या ऑफिसात कोणी असं बोललं असतं तर त्याची खैर नव्हती. मी हसत सुटले, आणि कित्येक महिन्यांनी आपण हसतोय हे मला तिथंच कळलं.

त्यानंतरचा सगळा वसंत मी त्याच्या मागे फिरले. मी त्याला काका म्हणायचे, तो मला बाई. माळावर कुठल्या खळग्यात अंडी आहेत हे त्याला ठाऊक असायचं. गाई तिकडे वळल्या की तो स्वतः मध्ये जाऊन उभा राहायचा. चैत्रात शेतकरी पेरणीआधी धुरे, म्हणजे शेताचे बांध, पेटवतात, आणि धुऱ्यावरची आग माळावर यायला वेळ लागत नाही. म्हणून तो आधीच विळा घेऊन माळाच्या कडेचं गवत कापायचा आणि आग थांबेल एवढा पट्टा मोकळा करून ठेवायचा. एकटाच. कोणी सांगितलं नव्हतं, कोणी विचारतही नव्हतं. मी एकदा अंड्यांजवळ काडी रोवून तिला लाल चिंधी बांधली, लोकांना कळावं म्हणून. त्यानं ती उपटली आणि लांब भिरकावली. "खूण केली का सापडते, बाई," एवढंच म्हणाला.

एका सकाळी त्यानं मला नाल्यातल्या डबक्यापाशी झुडपाआड बसवलं. नऊच्या सुमारास पखुर्ड्या पाण्यावर उतरल्या. बाकीच्या घोट घेऊन उडाल्या, पण एक नर पाण्यात पोटापर्यंत बसला आणि पोट घुसळू लागला. कितीतरी वेळ. "पिसाइत पानी भरून राह्यला," काका हळूच म्हणाला. "घरी नेते. पिल्लं त्याच्या पोटाचे पिसं चोखतेत." तो नर जड होऊन उडाला आणि माळाकडे गेला. मला रडू फुटलं. आठवडाभर त्या टेबलासमोर बायका रडून गेल्या होत्या आणि माझ्या डोळ्यात टिपूस आलं नव्हतं, आणि इथं एका पक्ष्यापायी मी ओक्साबोक्शी रडले. काकानं पाहिलं न पाहिल्यासारखं केलं आणि गाईंना हाक मारत निघून गेला.

दुसऱ्या वसंतात माळाच्या एका टोकाला ट्रॅक्टर दिसू लागले. कुठल्याशा रस्त्यासाठी मुरूम उपसत होते. माझं डोकं फिरलं. काका म्हणाला, "बोलतो मी त्याइले. ते ऐकतेत." मी त्याला झापलं. "बोलून काय होते काका? उद्या दुसरे येतील. लेखी पाहिजे." तो गाईंमागे निघाला. कचेरीतली बाई म्हणते म्हणजे तसंच असेल, असं त्याला वाटलं असणार.

मी सरकारी नोकर, माझ्या नावानं अर्ज देणं बरं दिसलं नसतं. म्हणून अर्जदार म्हणून त्याचं नाव घातलं. तीन रात्री बसून मजकूर केला. गट नंबर, चतुःसीमा, मोजणी, जोडपत्र म्हणून नकाशा. पक्ष्यांसाठी ही जागा राखावी अशी विनंती. आणि कोणाला हरकतीला जागा राहू नये म्हणून, वडिलांनी शिकवलं होतं तसं, वर एक वाक्य टाकलं: 'सदर जमीन पडीक असून तिच्यावर कोणाचाही हक्क, वापर अथवा चराई नाही.' बाजारातल्या टायपिंगवाल्याकडून टाईप करून घेतलं आणि तांड्यावर जाऊन काकाला वाचून दाखवलं.

"चराई नाई म्हंजे?" त्यानं मध्येच विचारलं. "माह्या गाई तं रोज जातेत."

"ते तसं लिहावं लागतं," मी म्हटलं. "नाहीतर कागद अडकतो."

त्यानं अंगठा पुढे केला. मी शाईचं पॅड धरलं. अंगठा उमटल्यावर तो बोट पागोट्याला पुसू लागला तर मीच त्याला माझा रुमाल दिला.

पोच मिळाली. आणि पुढच्याच महिन्यात ट्रॅक्टर खरोखर थांबले. मी पेढे घेऊन तांड्यावर गेले. काकाच्या सुनेनं चहा केला, काकानं एक पेढा गाईला खाऊ घातला. माझा बाप जिवंत असता तर त्याला ती पोच फ्रेम करून दाखवली असती, इतकी मी हवेत होते.

तिसऱ्या वसंतात मला महिनाभर यवतमाळला कामावर पाठवलं होतं. परतल्यावर पहिल्याच रविवारी माळावर गेले. माळ दिसेना. दोरी लावून आखलेल्या ओळी, आणि ओळीत खड्डेच खड्डे. एका कडेला वृक्ष लागवडीचा फलक. खणणाऱ्या बाया तांड्यातल्याच होत्या, त्यात काकाची सूनही. कापूस गेलेला, घरात दाणा नाही, आणि सरकारनं दारात काम आणून दिलेलं. त्यांना कोणत्या तोंडानं काही म्हणायचं?

सोमवारी मी त्या कामाच्या ऑफिसात गेले. तिथल्या साहेबांनी कौतुकानं फाईल उघडली. सगळ्यात वर काकाचा अर्ज, तहसिलीतून पुढे पाठवलेला. "या वर्षी झाडांसाठी मोकळी जमीन शोधून शोधून थकलो होतो, मॅडम," ते म्हणाले. "सगळीकडे चराईचे वाद. इथं तांड्यानंच लिहून दिलं, वापर नाही म्हणून. नकाशासकट. मुरूमवाल्यांनाही आम्ही तेव्हाच बंद केलं." मग त्यांनी पान उलटलं आणि म्हणाले, "अर्ज लिहिणारा मात्र जाणकार दिसतो." खाली मी पक्ष्यांसाठी जे मागितलं होतं त्याचं एक पूर्ण पान होतं. त्यावर कोणीतरी पेन्सिलीनं 'पाहिले' लिहिलं होतं. मी कोण, ते मी सांगितलं नाही. म्हाताऱ्यानं चिंधीची काडी का उपटली ते मला त्या खुर्चीत बसल्यावर समजलं. मी तर कागदावर चारी सीमा आखून माळ त्यांच्या हातात दिला होता.

पुढचं मला काकाकडूनच कळलं, आणि तेही मी खोदून खोदून विचारलं तेव्हा. खणणाऱ्यांच्या पुढे पुढे तो चालायचा आणि अंडी असतील तिथं बायांना थांबवायचा. बायांनी त्याच्या शब्दाखातर तीन जागा सोडल्या. मग मुकादम आला आणि ओळ वाकडी होते म्हणाला. काकानं एका खळग्यातली अंडी पागोट्यात घेऊन वीस पावलांवर नेऊन ठेवली. पखुर्डी परत आली आणि जुन्याच जागी, खड्ड्याच्या कडेला, मातीच्या ढिगावर बसली. ऊन होईपर्यंत बसली. नवीन जागेकडे तिनं पाहिलंसुद्धा नाही. "पाखराले कसं समजवाव?" काकानं मला विचारलं.

मग तारेचं कुंपण झालं. तांड्याच्या गाई आत गेल्या की कोंडवाड्यात जाऊ लागल्या. तांड्याच्या नायकाच्या ओट्यावर लोक जमले, मुकादमाला जाब विचारला. मुकादमानं अर्जाची प्रत आणून अंगठा दाखवला. म्हाताऱ्यानं माळ विकला, असं त्या दिवशी तांड्यात ठरलं. त्याला कोणी मारलं नाही, पण लग्नकार्यात बोलावणं बंद झालं, आणि माणसं त्याच्या खाटेवरून उठून जाऊ लागली.

काकाच्या दारात हे ऐकलं आणि मी तशीच उठले. म्हटलं, चला नायकाकडे, मी सांगते, अर्ज माझा, वाक्य माझं. काका खाटेवरून उठला आणि माझ्या वाटेत उभा राहिला.

"नका सांगू," तो म्हणाला. "तुमी सांगसान तं हे लोक तुमच्या टेबलावर कसे येतीन? बायाइले फॉर्म भरून देनारी त्या हापिसात तुमी एकच आहा. मी म्हतारा. मले शिव्या देतेत तं देऊ द्या."

मी बरंच बोलले, चिडलेसुद्धा. तो हलला नाही. शेवटी मी स्कूटीला किक मारून परत आले. आता खरं लिहायला हरकत नाही: त्यानं मला चांगलं कारण दिलं आणि मी ते दोन्ही हातांनी घेतलं. बायकांचे फॉर्म मी भरत होते हे खरं होतं. पण मला नोकरीचीही भीती होती, आणि त्याहून जास्त त्या ओट्यावर उभं राहून मान खाली घालण्याची. रात्री झोप लागत नव्हती, तरी सकाळी उठून मी ऑफिसला जातच होते.

रोपं पहिल्याच उन्हाळ्यात करपली. खड्डे तसेच राहिले, पावसानं त्यांच्या कडा ढासळल्या, मध्ये घाणेरी माजली. पखुर्डी उघड्या जमिनीवरच अंडी घालते. उघडी जमीन उरली नाही आणि ती पुन्हा आली नाही. दर फाल्गुनात मी डबक्यावर जाऊन सकाळचे नऊ वाजवायचे. काकानं हळूहळू गाई विकल्या. पुढे माझी बदली मारेगावला झाली आणि जाणं कमी होत गेलं.

तो गेल्याचं मला उशिरा समजलं. मी गेले तेव्हा दहावा-तेरावा सगळा आटपला होता. सुनेनं खाट टाकली, चहा आणला आणि समोर जमिनीवर बसली. हातात कप घेतला तेव्हाच मी ठरवलं होतं, आज सांगायचं. ते टेबल कधीच सुटलं होतं, आता नोकरीची भीती नव्हती, आणि तो अडवायलाही नव्हता.

ती आधी बोलली. "मयताले पन अर्धा तांडा नाई आला, बाई. माह्या पोराइले आजूनही लोक म्हनतेत, तुह्या आज्यानं माळ विकला. कोनाले विकला, काय भेटलं, मरेपर्यंत सांगतलं नाई त्यानं." तिनं पदरानं तोंड पुसलं. "तुमच्यासंग लय बोलायचा तो. तुमाले तरी काही बोलला असन?"

"नाही," मी म्हटलं. "मला काही बोलला नाही."