पाईप आणि आमची म्हैस

घराच्या बाहेरच्या भिंतीवर गॅसचा पाईप चढला, त्या दिवसापासून माझ्या जिवाला स्वस्थता नव्हती. खरं तर गल्लीत लाईन येणार म्हटल्यावर सगळ्यांत आधी नाव मीच नोंदवलं होतं. सिलिंडर संपायचा तो नेमका पाहुणे दारात असताना, या कटकटीला मी विटले होते. पण आमचं स्वयंपाकघर वरच्या मजल्यावर, बोळाच्या बाजूला, त्यामुळे पाईप बोळाकडच्या भिंतीवरून वर न्यावा लागला. आणि बोळात आमची म्हैस.

कोल्हापुरात दारात म्हैस असणं काही नवलाचं नाही. आमची आता एकच उरलेली, सासऱ्यांची. त्यांना आम्ही आबा म्हणतो. पहाटे उठून धार काढायची, तिला घासून धुवायचं, शेजारीपाजारी दूध घालायचं. सासूबाई गेल्यापासून आबा घरात बोलतात ते दोघींशीच. म्हशीशी गोड आणि माझ्याशी भांडून.

म्हशीचं दावं अडकवायला बोळाच्या भिंतीत एक लोखंडी कडी होती. पाईपच्या वाटेत येते म्हणून फिटरने ती कापून काढली आणि जाताना बजावलं, "ह्या पायपाला काय बी बांधायचं न्हाय हं." मी लगेच बोळाच्या तोंडाला नवा खुंटा रोवून घेतला.

दुसऱ्या दिवशी सकाळी पाहते तर दावं पाईपला! कडी होती बरोबर त्याच जागी.

"आबा, पायपाला बांधलीसा?" मी वरूनच ओरडले.

"अगं, हात गेला तितं."

"आणि खुंटा कशाला रोवलाय मग?"

"तितं ऊन लागतंय तिला."

मग हे रोजचंच झालं. मी दावं सोडून खुंट्याला बांधायची, तासाभरात ते परत पाईपला. पाईपमध्ये अजून गॅस सोडलेला नव्हता, तरी म्हशीने मान झटकली की मी खिडकीशी धावायची. हात भाकरीत आणि कान बोळात. भाकरी करपायची, मी चिडायची, पोरांवर खेकसायची. नवऱ्याला सांगितलं तर तो म्हणाला, "तुमचं तुम्ही बघा." धरलं तर चावतंय, सोडलं तर पळतंय, अशी गत.

शेवटी मी आबांना तोंडावर सांगितलं, "ह्या घरात एक तर पाईप राहील, न्हायतर म्हस."

"मग पाईप काढ की," ते म्हणाले.

गॅस सोडायच्या आधी तपासणीला गॅस कंपनीचे साहेब आले. पाईप भिंतीला धरून ठेवणारा क्लॅम्प म्हशीच्या ओढीने निम्मा उपसला होता, तो त्यांनी हाताने हलवून पाहिला. "वैनी, जनावर हितनं हलल्याबिगर गॅस सोडता यायचा न्हाय."

आता आबा या माणसाची बिनपाण्याने करणार, म्हणून मी वाट बघत राहिले. आबांनी म्हशीच्या पाठीवर हात ठेवला. "व्हय पावणं, बरोबर हाय तुमचं. सुनंच्या जिवाला बी घोर लागलाय. धाडतो हिला लेकीकडं कागलला."

लग्न होऊन या घरात आल्यापासून हा माणूस माझ्यापुढे एकदाही नमला नव्हता. उद्या पहाटे हे उठून करणार काय, बोलणार कुणाशी? गॅसची वाटली नव्हती एवढी भीती मला त्या हळू आवाजाची वाटली.

"म्हस कुठं जात न्हाय," मी म्हणाले. "पाईप हलवा. पुढच्या भिंतीवरनं न्या."

"दारावरनं? वंगाळ दिसंल, वैनी."

"दिसू दे."

आबा चालत पुढच्या दारापर्यंत गेले, मान वर करून भिंत पाहिली आणि गर्रकन वळले.

"हितनं? दिवाळीला रंग दिलाय ह्या भिंतीला! अक्कल गहाण टाकलीस व्हय?"

"मग कुठनं न्यायचा? तुमच्या डोक्यावरनं?"

मला इतकं बरं वाटलं की तिथेच रडू फुटेल असं झालं, म्हणून मी आवाज आणखी चढवला.