गाडीचं गोडं पाणी

ती जाऊन आठ महिने झाले. लोक येतात, बसतात, म्हणतात, तिनं संसाराचं सोनं केलं. केलं. मी तिचं काय केलं ते कोणाला माहीत नाही. मी चौथीपर्यंत शिकलेला माणूस, लिहायची सवय नाही. पण सांगायला समोर कोणी उरलं नाही, म्हणून लिहितो.

साहेब लोक देश सोडून गेले तेव्हा त्यांच्यातल्या एकाची गाडी आमच्या शेठनं घेतली. शेठची कळव्याला खाडीकाठी मिठागरं होती आणि मी तिथल्या पंपाचा मिस्त्री. गाडी लाल, उघडी, तारांच्या चाकांची. नाक हे लांब आणि बसायला जागा दोनच माणसांची. शेठ राहायचा ठाण्यात, त्याच्या बोळात ती शिरेना. म्हणून ती माझ्या घराला लागून असलेल्या पत्र्याच्या शेडमध्ये आली आणि सहा-सात वर्षं तिथंच राहिली. रविवारी शेठ फिरवायचा. बाकीचे दिवस ती आमच्या गळ्यात.

खाडीच्या वाऱ्यात लोखंड टिकत नाही. चाकांच्या तारा दर आठवड्याला जळक्या ऑइलनं पुसाव्या लागत. ते काम बायको करायची. गाडीला पाणीही तीच आणायची. दाराजवळची विहीर खारी होती, भांडी घासण्यापुरती. गोडं पाणी पारसिकच्या डोंगराच्या पायथ्याशी, जाऊन येऊन तासाची पायपीट. दोन हंडे घरात प्यायला आणि तिसरी खेप गाडीच्या रेडिएटरला. मी म्हणायचो, "अगं, इंजिनाला काय चव कळते?"

"तुम्ही पंपावाले, तुम्हाला काय ठाऊक. माझ्या बापाचं फावडं बघा. दर वर्षी नवीन लागतं. खारं पाणी लोखंड चावून खातं."

तिचा बाप शीळच्या पुढं एका गावात राहायचा. उभा जन्म मिठागरात राबलेला.

गाडीला दोन कार्बोरेटर होते. दोघांनी सारखी हवा ओढली पाहिजे, नाहीतर इंजिन लंगडं चालतं. तपासायला माझ्याकडे रबराची एक नळी होती. एक टोक कार्बोरेटरच्या तोंडाशी धरायचं, दुसरं कानाला लावायचं आणि फुसफुस ऐकायची. माझा कान पंपाच्या ठोक्यांनी गेलेला. म्हणून नळी तिच्या कानाला आणि स्क्रू माझ्या हातात. ती डोळे मिटून सांगायची, "मागचा जास्त ओढतो. थोडा कमी करा. आणखी. बास." शेठला वाटायचं मिस्त्रीचा हात सोन्याचा आहे. कान कोणाचा ते त्याला मी कधी सांगितलं नाही.

तिचं एकच मागणं होतं. एकदा या गाडीतून बापाच्या दारात उतरायचं. गाडी आल्यापासून बाप म्हणायचा, "तुझा दादला दुसऱ्याच्या गाड्या पुसतो, तू त्याची चाकरी कर." मी कबूल केलं होतं. पुढचं मोठं काम निघालं की ट्रायलला गाडी शीळकडेच काढू. चार वर्षं मी हेच सांगत होतो.

मग ती तापानं पडली. दीड महिना अंथरुणाला. पाणी माझ्यावर आलं. पारसिकच्या विहिरीवर सगळ्या बायका. त्या हसायच्या. एक म्हणाली, "मिस्त्री, लुगडं पण नेसून या उद्यापासून." मी प्यायचे दोन हंडे कसेबसे आणायचो. तिसरी खेप सोडून दिली. गाडीला दाराजवळचं पाणी घातलं. तिनं अंथरुणातून विचारलं, "गाडीला गोडं घालता ना?" मी हो म्हणालो.

ती उठली तोवर गाडी तापायला लागली होती. ठाण्याचा पूल ओलांडला की वाफ. शेठ म्हणाला, "शिमग्यापर्यंत दुरुस्त कर. नाहीतर मुंबईचा एक जण मागतोय, देऊन टाकतो."

मी पंख्याचा पट्टा बदलला. पाण्याचा पंप खोलून वायसर घातला. टायमिंग पुढं-मागं करून पाहिलं. थर्मोस्टॅट काढून टाकला. काही फरक नाही. तिसऱ्या दिवशी मी रेडिएटरचा नळ उघडून पाणी खाली सोडत होतो, तेवढ्यात ती शेडमध्ये आली. मिठागरातले लोक पाण्याला बोट लावून जिभेवर ठेवतात, मीठ किती धरलंय ते बघायला. तिनं तसंच धारेखाली बोट धरलं आणि जिभेला लावलं. मग थुंकली.

"किती दिवस?"

"तू पडलीस तेव्हापासून."

तिनं हंडा घेतला आणि चालायला लागली. अजून पायात नीट जोर नव्हता. त्या दिवशी तिनं चार खेपा केल्या. मी धुण्याचा सोडा घालून रेडिएटर तीनदा धुतला. आतून लालभडक गाळ निघाला. मग गोडं पाणी भरलं, तिनं नळी कानाला लावली, मी स्क्रू फिरवले. इंजिन असं चाललं की पत्रासुद्धा हलेना. ती म्हणाली, "आता चला शीळला."

मला कळायला हवं होतं. इंजिनाचं डोकं ॲल्युमिनियमचं होतं. खाऱ्या पाण्यानं आतून काय केलंय ते उघडून बघायला हवं होतं. पण शिमगा चार दिवसांवर होता, आणि तिनं हिरवं लुगडं नेसलं होतं.

मुंब्र्यापर्यंत ती एक हात दारावर ठेवून बसली होती. पदर उडत होता, तो तिनं दातात धरला होता. चढणीला लागलो आणि इंजिन अडखळलं. ती माझ्या आधी म्हणाली, "एक ठोका चुकतोय." मग वाफ आली आणि गाडी थांबली. मी ऑइलची काडी काढून पाहिली. ऑइल ताकासारखं पांढरं झालं होतं. पाणी आत शिरलं होतं. म्हणजे संपलं.

बापाचं गाव अजून दोन कोस. एक बैलगाडीवाला आला, त्याला मी दोरी बांधायला सांगितली. तो म्हणाला, "काय मिस्त्री, पेट्रोल संपलं का अक्कल?" मी तिला म्हणालो, तू बस, मी स्टिअरिंग धरतो. ती बसली नाही. हिरव्या लुगड्यात गाडीच्या मागून कळव्यापर्यंत चालत आली.

दुसऱ्या दिवशी शेठ आला. मी डोकं खोलून ठेवलं होतं. पाण्याच्या भोकांच्या कडा वाळवी लागल्यासारख्या खाल्लेल्या. शेठ अडाणी नव्हता. त्यानं बोट फिरवलं आणि विचारलं, "हिला खारं पाणी कोणी घातलं?"

मी म्हणालो, "पाणी बायको आणते."

एवढंच म्हणालो. खोटंही नव्हतं. ती चहा घेऊन दारात उभी होती. शेठ तिच्याकडे बघून म्हणाला, "बायकांना काय समजणार इंजिनातलं. जाऊ दे मिस्त्री, तुझा दोष नाही." तिनं शेठला कप दिला. मला दिला. बशीत चहा सांडला नाही.

शिमग्याआधीच गाडी गेली. माझी चाकरी राहिली. तिचा बाप पुढच्या वर्षी गेला, तेव्हा ती रेल्वेनं आणि पुढं पायी गेली. मला सोबत या म्हणाली नाही. भांडली नाही, रुसली नाही. तीस-चाळीस वर्षं माझं सगळं केलं. फक्त नळी परत कानाला लावली नाही. मी घरी दुसऱ्या गाड्या आणायचो, हाक मारायचो. ती आतून म्हणायची, "मला आता ऐकू येत नाही नीट." शेजारच्या घरात दूध उतू गेलेलं तिला ऐकू यायचं.

आणि गाडीत बसली नाही. पोरांनी टॅक्सी आणली तरी टांगा बघायची, नाहीतर चालायची. मी कितीदा ठरवलं, आज सांगू, शेठला जाऊन खरं सांगू. शेठ मेला. मग ठरवलं, निदान तिला तरी म्हणू की माझं चुकलं. इस्पितळात शेवटचे चार दिवस तिच्या उशाशी बसून होतो. म्हणालो, "तुला पाणी देऊ?" यापुढं जीभ वळली नाही.

मुंब्र्यानंतर ती गाडीत चढली ती एकदाच, गेली त्या दिवशी, इस्पितळातून चौघांनी उचलून ठेवली तेव्हा. मी तिच्या बाजूला बाकड्यावर बसलो. गाडी जुनी होती. पुलावर चढताना इंजिनाचा एक ठोका चुकत होता, असं मला वाटलं. माझा कान काही खरा नाही. सवयीनं मी मान वळवली, तिला विचारायला.