एक टकटक म्हणजे हो

मधुमती आमच्या साउथहॅम्प्टनमध्ये बस चालवते. मराठी मंडळात हे कळलं तेव्हा काही जणींचे चेहरे पाहण्यासारखे झाले होते, कारण आमच्याकडे एक तर डॉक्टर असतात, नाही तर डॉक्टरांच्या बायका. मी दुसऱ्या प्रकारातली. मला मात्र ही बाई पहिल्या दिवसापासून आवडली. जन्म लेस्टरचा, मराठी बोलायची हौस दांडगी आणि व्याकरणाचा पार बट्ट्याबोळ. "अनुयाताई, माझा बस लेट झाली," असं बिनधास्त म्हणायची आणि स्वतःच हसायची.

तिचा नवरा एव्हर्टन जमैकाचा, इथल्या बंदरावर कंटेनर उतरवायच्या कामावर. त्याच्याशी लग्न केलं म्हणून तिच्या वडिलांनी बोलणं टाकलं ते मरेपर्यंत, आणि आईनेही त्यांच्यापुढे कधी तोंड उघडलं नाही. आता दोघंही नाहीत. मूलबाळ झालं नाही. तिला लेक म्हणणारं जगात एकच माणूस उरलं होतं, एव्हर्टनची आई मिस पर्लीन. म्हातारी जमैकात ब्लॅक रिव्हर नावाच्या समुद्रकाठच्या गावात एकटी राहायची. दर रविवारी चर्चमधून घरी आली की फोन करायची. "डॉटर, कशी आहेस?" हे आधी, मग एकुलत्या एका मुलाची चौकशी.

२०२५च्या जानेवारीत एव्हर्टन गेला. कामावरून आला, सोफ्यावर बसला आणि संपलं. सगळं उरकून घरी आलो तेव्हा मधुमती मला म्हणाली, "ताई, मम्माला सांगायचं नाही."

मी चिडलेच. "अगं, आई आहे ती त्याची!"

"माझ्या आजीला पण नव्हतं सांगितलं ना."

तिच्या साताऱ्याच्या आजीचा धाकटा मुलगा अपघातात गेला, आणि घरच्यांनी ते आजीला कधी कळूच दिलं नाही. परदेशात आहे, म्हणून सांगितलं. आजी दर दिवाळीला त्याच्या वाटणीचे लाडू डब्यात काढून ठेवायची. ती गेल्यावर सगळे म्हणाले, बरं झालं, सुखात गेली. मधुमती हे ऐकत वाढली. आपल्याकडे याला माया म्हणतात. मला विचाराल तर त्यात निम्मी माया असते आणि निम्मी भीती. मधुमतीची भीती मला स्पष्ट दिसत होती. मुलगाच नाही म्हटल्यावर सुनेला लेक कोण म्हणेल?

मग खोटं सुरू झालं. एव्हर्टनच्या घशाचं ऑपरेशन झालंय, आवाज गेलाय, डॉक्टरांनी बोलायला बंदी केलीय. म्हातारी फोनवर रडली आणि मग तिनेच तोड काढली. "त्याला टेबलावर वाजवायला सांग. एकदा वाजवलं तर हो, दोनदा वाजवलं तर नाही. एव्हर्टन, बाळा, ऐकतोयस ना?"

मधुमतीने माझ्याकडे पाहिलं, मूठ मिटली आणि टेबलावर एकदा वाजवलं.

त्या वर्षी जमैकात जे जे घडलं ते सगळं या टेबलावर येऊन गेलं. सप्टेंबरच्या सुरुवातीला निवडणूक झाली. मिस पर्लीनने सगळ्याच पक्षांना यथेच्छ शिव्या घातल्या आणि विचारलं, बरोबर ना रे? टक. त्यानंतर टोकियोला शंभर मीटरच्या शर्यतीत जमैकाची पोरं पहिली आणि दुसरी आली. म्हातारी आनंदाने किंचाळत होती, "पाहिलंस ना, एव्हर्टन?" टक. फोन ठेवल्यावर मधुमती ओक्साबोक्शी रडली. "ताई, तो किती हॅपी झाली असती." तिच्या व्याकरणाला मी नेहमी हसायचे. त्या दिवशी हसू आलं नाही.

"अजूनही वेळ आहे, सांग तिला," मी म्हटलं.

"ख्रिसमसला जाते. समोर बसून सांगते. प्रॉमिस."

ऑक्टोबरच्या शेवटी तिकडे मेलिसा नावाचं चक्रीवादळ निघालं. गावातले लोक उंचावरच्या शाळेत निघाले होते. मिस पर्लीन हलेना. हे घर माझ्या नवऱ्याने बांधलंय, मरायचं तर इथेच मरेन, म्हणाली. शेजारणीने हात जोडले, पाद्रीबाबा येऊन गेले, मधुमतीने फोनवर गयावया केली. म्हातारीने कुणालाच दाद दिली नाही. शेवटी म्हणाली, "एव्हर्टनला विचारते. बाळा, तू सांग. जाऊ का?"

मधुमतीने इतक्या जोरात वाजवलं की टेबलावरचा कप हलला.

"बरं," म्हातारी म्हणाली. "तू म्हणतोस म्हणून जाते."

दोन दिवसांनी वादळ थेट त्या किनाऱ्यावर आदळलं. टीव्हीवर ब्लॅक रिव्हर दिसलं. छपरं उडालेली, भिंती आडव्या, रस्त्यावर होड्या. फोन बंद. मधुमती रोज बस चालवत राहिली, कारण घरी बसून काय करणार? मी रोज डबा घेऊन जायचे आणि बहुतेक वेळा तसाच परत आणायचे.

नोव्हेंबरच्या मध्यावर एका रविवारी मी तिच्याकडे असतानाच फोन वाजला. शेजारणीच्या फोनवरून मिस पर्लीन बोलत होती. जिवंत होती! मधुमती हसायला लागली, रडायला लागली. म्हातारीचा आवाज थकलेला होता. घर नाही. चर्चचं छप्पर नाही. नवऱ्याचा एकुलता एक फोटो होता, तोही नाही. वर्गात जमिनीवर झोपते, म्हणाली.

"आता त्याला फोन दे. टकटक नको. आवाज घोगरा असू दे, फाटका असू दे. आज मला माझा मुलगा ऐकायचाय."

मधुमतीने मूठ उचलली. ती तशीच वर राहिली.

"मम्मा, तो नाहीये."

"कुठे गेलाय?"

"वारला, मम्मा. जानेवारीतच."

पलीकडे कुठलं तरी पोर रडत होतं, तेवढंच ऐकू येत होतं. मग म्हातारीने विचारलं, "नऊ रात्री कोण बसलं?" त्यांच्याकडे माणूस गेला की नऊ रात्री गाव जमतं, गातं, जेवतं आणि शेवटच्या रात्री मेलेल्याला निरोप देतं. आई नाही म्हणजे निरोपच नाही.

"कुणी नाही," मधुमती म्हणाली.

"मी मरायला तयार होऊन दारात खुर्ची टाकून बसले होते. माझा मुलगा जा म्हणाला म्हणून उठले. मला कुणी उठवलं, मधुमती?"

"मी, मम्मा."

"कशाला?"

तिकडून फोन बंद झाला.

ख्रिसमसला ती गेली नाही. येऊ नकोस, असा शेजारणीकडून निरोप आला होता. आता तिकडचे फोन लागतात. दर रविवारी मधुमती लावते, शेजारीण उचलते आणि सांगते, इथेच बसलीय, नको म्हणते. आपण तिचा जीव वाचवला याचं समाधान मधुमतीला एक दिवससुद्धा मिळालेलं नाही. मला तिची इतकी कीव येते आणि इतका राग येतो, की कधी कधी तिच्या दारावरून मी तशीच पुढे जाते.

परवा गेले होते. कामाचे कपडे न बदलता बसली होती.

"ताई, लास्ट टाइम ती मला डॉटर म्हणाली ना?"

म्हणाली नव्हती. मी शेजारीच होते, एकेक शब्द ऐकला होता.

"म्हणाली गं," मी म्हटलं.