राहून गेलेलं मीठ

आई गेली त्या दिवशी दुपारी साडेबाराला तिनं मला ऑफिसात फोन केला होता. छातीत जळजळतंय, म्हणाली. मी मीटिंगमध्ये होतो. मीटिंगचा विषय होता, ऑफिसातला चहा यापुढे कुणाकडून घ्यायचा. मी दबक्या आवाजात सांगितलं, "पित्त असेल. थंड दूध घे, संध्याकाळी येतोच मी." चहाचा निर्णय त्या दिवशी झाला नाही. आई चारच्या सुमारास गेली.

पुढचे कित्येक महिने मी घरात बसून होतो. आधी रजा, मग बिनपगारी रजा. तांबडा रस्सा ओरपला की माणूस ठणठणीत होतो यावर ज्या गावाची श्रद्धा आहे, तिथं नुसत्या बसून राहणाऱ्या माणसाचं काय करायचं हे कुणाला कळत नाही. भेटायला येणारे सुरुवातीला हळू आवाजात बोलायचे, मग न राहवून आपल्या मूळ पट्टीवर यायचे. "आरं, तुझी काय चूक हाय त्यात? येळ आलती तिची!" हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलं की समोरच्यानं 'आरं' म्हटलं की पुढचं मला पाठ असायचं. त्याचा परिणाम मात्र उलटा झाला. मला वाटायचं, कोल्हापूरचा माणूस आपल्याशी एवढं जपून बोलतोय, म्हणजे चूक नक्की आपलीच असणार.

बाकी कशात नाही, पण दोष अंगावर घेण्यात मी जिल्ह्यात पहिला आलो असतो. आईपासून सुरुवात झाली आणि मग कशालाच धरबंध राहिला नाही. शेजाऱ्यांची स्कूटर सुरू होत नसली तरी खिडकीत बसून मला अपराधी वाटायचं. बहीण इचलकरंजीत राहते. तिच्या नवऱ्याचे चार माग आहेत. ते एक पाळी बंद राहिले असं तिनं फोनवर सांगितलं, तेव्हाही मी मनातल्या मनात तिची माफी मागितली. मला हा नम्रपणा वाटत होता. जगातल्या प्रत्येक बिघाडाचं कारण आपणच आहोत असं वाटणं याला नम्रपणा म्हणत नाहीत, हे कळायला वेळ लागला.

डॉक्टरांनी गोळ्या दिल्या. त्यांनी झोप आली, थोडी भूक आली, त्यांचे उपकार मी नाकारत नाही. शिवाय ते म्हणाले, रोज एक लहान काम करा, जे पूर्ण होईल असं. पहिल्या दिवशी मी अंथरूण आवरलं. एवढं मोठं काम केल्यामुळे दमलो आणि ते परत घालून त्यावर झोपलो.

मार्चमध्ये बायकोनं माझ्यासमोर वर्तमानपत्र पसरलं आणि त्यावर मिरच्यांचं पोतं उपडं केलं. ती शाळेत शिकवते, माहेर गडहिंग्लजचं, समजूत काढण्यावर तिचा फारसा विश्वास नाही.

"डॉक्टर काय म्हणाले? ल्हान काम. ही घ्या चार किलो ल्हान कामं. देठं काढा."

आमच्याकडे वर्षाची चटणी उन्हाळ्यात एकदाच होते. आई ती चार घरांसाठी करायची : आमचं, बहिणीचं इचलकरंजीचं, बायकोच्या माहेरचं गडहिंग्लजचं आणि पेठ वडगावच्या मावशीचं. यंदा कोण करणार हा प्रश्न कुणी मोठ्यानं विचारला नव्हता. मी देठं काढली. तीन दिवस बोटं पेटलेली होती. मग लसूण सोलला, कांदा चिरून गच्चीवर वाळत घातला, खोबरं किसलं. या सगळ्यात मी बरा झालो असं मुळीच नाही. फक्त, हात जळत असले की माणसाला दुसरं फारसं काही सुचत नाही.

कांडपाच्या दिवशी बायकोला परीक्षेची ड्युटी होती, म्हणून डबे, पिशव्या घेऊन मी एकटाच स्कूटरवरून गेलो. तिथं रांगेत सगळ्या बायका. कांडपवालीनं मला आपादमस्तक पाहिलं. "पावणं, बायकू कुठाय?" मग रांगेतल्या प्रत्येकीनं माझ्या मिरच्या हातात घेऊन मत दिलं. ब्याडगी जास्त झाली, संकेश्वरी कमी पडली, खोबरं अजून भाजायला पाहिजे होतं. कांडपाचा डंक धडधडत होता, नाकातोंडात तिखट जात होतं, आणि कांडपवाली ओरडून विचारत होती, "मीठ घातलंय न्हवं?"

मी 'हो' म्हणालो. त्या काळात मी प्रत्येक प्रश्नाला 'हो'च म्हणायचो. 'हो' म्हटलं की माणूस पुढचं विचारत नाही.

चटणी चार डब्यांत भरली. बहीण येऊन तिचा डबा घेऊन गेली, गडहिंग्लजचा एसटीच्या ड्रायव्हरकडे दिला. वडगावचा डबा मी एका ओळखीच्या माणसाबरोबर पाठवला. मावशीसमोर जायची माझी हिंमत नव्हती. आईची ती सख्खी धाकटी बहीण. दोघी रोज फोनवर बोलायच्या. तेराव्यानंतर ती आमच्याकडे आली नव्हती, तिचा फोनही नव्हता. सगळं जग 'तुझी काय चूक' म्हणत असताना गप्प राहिलेली ती एकटीच होती, त्यामुळे खरं काय ते तिला ठाऊक आहे अशी माझी खात्री झाली होती.

आमचा डबा मी लगेच उघडला नाही, कारण आईची शेवटची चटणी अजून बरणीत होती. ती मी जपून खायचो, खरं म्हणजे खायचोच नाही, बघायचो. मेच्या शेवटी एका दुपारी बायकोनं ती बरणी भाकरीच्या तुकड्यानं पुसून घेतली, अर्धा तुकडा मला दिला, अर्धा स्वतः खाल्ला आणि बरणी घासायला टाकली. मी काही बोलणार, तोवर तिनं नवा डबा उघडून माझ्या ताटात चटणी वाढली, वर तेल घातलं.

एक घास खाल्ला. नुसतं तिखट. मीठ नावालाही नाही. मी बायकोकडे पाहिलं. ती शांतपणे आपल्या चटणीवर मिठाची चिमूट टाकत होती.

"तुला ठाऊक होतं?"

"व्हय."

"कधीपासून?"

"भाजीत हीच चटणी घालत हुते की रोज. महिना झाला." मग म्हणाली, "तुमच्या बहिणीचा फोन आलता. आमच्या आईचा बी. सगळी म्हणाली, त्यांना सांगू नगा, आधीच जीवाला लावून घेतल्यात."

मी संतापलो. इतक्या महिन्यांत पहिल्यांदा. आईच्या वेळी मला कुणी दोष दिला नाही तो प्रेमापोटीच, असं मानायला मी हळूहळू तयार होत होतो. पण चटणीत मीठ नाही हेसुद्धा मला सांगायचं नाही? ही तर उघड उघड माझी चूक होती, तिला साक्षीदार होते, चार डबे भरून पुरावा होता! मी खाली गेलो आणि आमच्या स्कूटरची डिकी उघडली. भाजून पिशवीत बांधलेलं किलोभर जाडं मीठ तिथं जसंच्या तसं होतं. पाऊस लागायच्या आत ते चटणीत गेलं नसतं, तर चारी डब्यांना बुरशी लागणार होती.

मीठ पुन्हा भाजलं, कुटलं, चार भाग केले. घरचं तेव्हाच मिसळलं. दुसऱ्या दिवशी दाढी केली आणि इचलकरंजीला गेलो.

बहिणीच्या घरात बोलायचं म्हणजे शेजारच्या मागांच्या खडखडाटावर आवाज चढवावा लागतो. मला दारात बघून तिचे डोळे भरले. "दादा, चटणी लई भारी झालीया!" ती ओरडली.

"मीठ नाही तिच्यात!" मी ओरडलो.

"हाय की! जरा कमी आसंल!"

आम्ही दहा मिनिटं ओरडून भांडलो, माझी चूक झाली आहे की नाही यावर. शेवटी मी डबा ओढून घेतला आणि मीठ मिसळलं. लहानपणापासून माझ्या तक्रारी घेऊन आईकडे पळणारी ही मुलगी, आणि आता माझ्या बाजूनं खोटं बोलत होती.

गडहिंग्लजला सासूबाईंनी खुर्ची दिली, चहा दिला, जावयानं चटणी केली याचं शेजारणीला बोलावून कौतुक केलं. मी मीठ मिसळत असताना हात जोडल्यासारख्या शेजारी उभ्या राहिल्या. पुढे बायकोकडून कळलं की त्यांनी आपल्या चटणीत मीठ आधीच घातलं होतं. जावयाला कसं सांगायचं म्हणून गप्प बसल्या. त्या घरानं वर्षभर खारट चटणी खाल्ली.

वडगाव मुद्दाम शेवटी ठेवलं होतं. आणखी दोन दिवस कारणं काढली, तिसऱ्या दिवशी निघालो. मावशी सोप्यात तांदूळ निवडत बसली होती. मी पिशवी पुढे केली.

"मावशी, चटणीत मीठ राहिलंय."

"म्हाईत हाय. पयल्या घासाला कळलं."

"मग सांगितलं का नाहीस?"

"तुझ्या ध्यानात कवा येतंय ते बघितलं."

"चुकलं माझं."

"मग कुणाचं चुकलं? माझं?" ती म्हणाली. "चार किलो मिरचीचं वाटुळं करत हुतास की. आण हिकडं. चमच्यानं नगं, हातानं मिसळ."

मला इतकं बरं वाटलं की हसू आलं. चूक माझी होती, तेवढीच होती, आणि ती कुणीतरी मला न लपवता दिली होती. मावशीनं परातीत डबा उपडा केला. मी मीठ पसरलं आणि आम्ही दोघं चार हातांनी चटणी चोळायला लागलो. त्या धीरावरच मी बोललो.

"आईनं त्या दिवशी मला फोन केला होता. छातीत जळजळतंय म्हणाली. मी म्हटलं, दूध पी."

मावशीचे हात थांबले नाहीत. "किती वाजता?"

"साडेबारा."

"मला बाराला केलता."

मी तिच्याकडे पाहिलं. ती परातीकडेच बघत होती.

"मी म्हणलं, ओवा चावून खा, वर गरम पाणी पी. शिळं खाल्लं आसशील म्हणलं. माझा कुकर हुता ग्यासवर. ठेव म्हणलं, मागनं बोलू." तिनं परातीच्या कडेची चटणी मधे ओढली. "तुला कुठल्या तोंडानं सांगायचं? पाय वळलं न्हाईत तुझ्याकडं."

'तुझी काय चूक, मावशी' हे वाक्य माझ्या जिभेवर आपोआप आलं होतं. ते ऐकणाऱ्याचं काय होतं हे माझ्याइतकं कुणाला ठाऊक असणार? मी ते गिळलं.

"दवाखान्यात जा म्हणायला पाहिजे होतं," मी म्हणालो. "तूही, मीही."

"व्हय," ती म्हणाली. "पायजे हुतं."

आणि ती रडायला लागली. मीही. आमचे चारी हात मनगटापर्यंत चटणीत होते, त्यामुळे कुणालाच डोळ्याला हात लावता येईना. "डोळं चोळू नगंस," रडता रडता ती मला दटावत होती. मी उठलो, मोरीत जाऊन तीन वेळा साबणानं हात धुतले, वास घेऊन बघितला, आणि तिच्या पदराच्या टोकानं तिचे डोळे पुसले.

"आता तुझं तू पूस," ती म्हणाली, आणि परत चटणी चोळायला लागली.