भिंतीतलं गोडं पाणी

शाळा लहानपणीच सुटली आणि साताऱ्याकडचं गाव सोडून मी अकोल्यात कापसाच्या वखारीवर राखणदार झालो. कापसाला तेव्हा कधी नव्हे तो भाव आला होता. राखणदार कापूस चोरून विकतात आणि वजन भरून काढायला उरलेल्यावर पाणी मारतात, अशी बोलवा होती. त्यामुळे भिंतीलगतच्या गाठी ओल्या निघाल्या तेव्हा शेठने माझ्याकडेच पाहिलं. "आज कारण सापडलं नाही, त तू आपल्या मुलखाची वाट धर."

गळती शोधायला एक म्हातारा मिस्त्री आला. त्याने भिंतीवरून तळवा फिरवला, कानात खोचलेली कापसाची वात काढून विटांच्या फटीत घातली आणि तंबाखू मळत बसला. मळलेली तंबाखू तशीच हातात ठेवून त्याने ती भिजलेली वात चोखली. मी बघतच राहिलो.

"गोडं हाय," तो म्हणाला. "शेठ, अंगणातली विहीर त खारी. ह्या गड्यानं गाठी भिजवल्या असत्या त खाऱ्या पाण्यानं. गोडं पाणी कुठं भरून राहिले तुमी?"

गोडं पाणी पखालीने येऊन भिंतीपलीकडच्या हौदात पडायचं. हौद उपसला तर तळाशी चीर निघाली. तिच्यात मिस्त्री ताग आणि चुना ठासू लागला.

"चाचा, तुम्ही मला वाचवलंत," मी म्हणालो.

"तुले कायले वाचवू? गोडं होतं म्हून गोडं सांगतलं. खारं असतं त खारं सांगतलं असतं. चुना दे इकडं."

मी चुना दिला. त्याचं लक्ष चिरेकडे होतं.