लेखिकेची सही

"आमच्या घरात निर्मला नावाचं कुणीच न्हाय," अक्कलकोटच्या त्या घराच्या दारात उभा असलेला तरुण म्हणाला. मी पत्ता पुन्हा वाचला. पत्ता बरोबर होता.

मी सोलापुरात कॉलेजांची नाटकं बसवतो. यंदाच्या स्पर्धेचा विषय होता, लेखिकांच्या गोष्टी. आमच्या मुलींनी आपल्याच कॉलेजच्या जुन्या वार्षिकांकातली एक गोष्ट निवडली. लेखिका कु. निर्मला कोरे, मंद्रूप. नाटक झकास बसलं. राहिली फक्त एनओसी, म्हणजे लेखिकेनं सही करून दिलेलं परवानगीचं पत्र. कागदपत्रं शेवटावर टाकायची ही माझी जुनी खोड. आता उद्या बारापर्यंत पत्र दिलं नाही तर नाटक बाद, आणि नऊ मुलींची दोन महिन्यांची मेहनत पाण्यात.

पत्ता मंद्रूपच्या तिच्या भावानं दिला होता. त्याला दारातूनच फोन लावला. "तेच घर. आक्काला तितंच दिलीय की," म्हणाला आणि फोन कट झाला.

भाऊ म्हणतो आहे, हा म्हणतो नाही. माझं डोकंच चालेना. तेवढ्यात आतून एक बाई आल्या. "बर्री, कूडरी," असं कानडीत म्हणाल्या आणि लगेच मराठीत, "या, बसा." तरुण म्हणाला, "ही माझी आई, सुनंदा." मला वाटलं, निर्मला या घरातली थोरली सून असणार आणि आता हयात नसणार. मी शक्य तितक्या हळू आवाजात विचारलं, "निर्मलाताई कधी गेल्या?"

बाई माझ्याकडे बघतच राहिल्या. "कुटं न्हाय गेली. मीच ती. लग्नात सासरच्यांनी नाव बदललं."

मुलगा माझ्याहून गोंधळला. "मामा तर तुला आक्काच म्हणतोय की."

मी वार्षिकांक पुढे केला. बाईंनी गोष्ट वाचली नाही. छापलेल्या नावावरून नुसतं बोट फिरवत राहिल्या.

आता प्रश्न सहीचा. अंकात निर्मला, आधारकार्डावर सुनंदा, आणि पत्रावरची सही सोबत जोडलेल्या आधारकार्डाशी जुळायला हवी असा नियम. मी सोपा मार्ग काढला. "ताई, तुम्ही सुनंदा अशीच सही करा. नाटकावर मीही तेच नाव घालतो."

"नको सर. गोष्ट निर्मलानं लिवली. सुनंदानं कुटं काय लिवलंय?"

मी पत्र पुढे सरकवलं. त्यांनी एकेक अक्षर जपून लिहीत निर्मला अशी सही केली. मला आनंद व्हायला हवा होता, पण धास्तीच वाटली.

झालंही तसंच. दुसऱ्या दिवशी आयोजकांचे गृहस्थ म्हणाले, "सही एकीची, आधार दुसरीचं. या नेमक्या कोण?" मी समजावायला गेलो आणि स्वतःच अडखळलो. शेवटी अक्कलकोटला फोन करून अडचण सांगितली. बाराला दहा मिनिटं असताना तोच मुलगा मोटारसायकलवरून आला. हातात आईवडिलांची पिवळी पडलेली लग्नपत्रिका. तीत चि. सौ. कां. निर्मला, आणि नवरदेवाचं नाव आधारकार्डावरच्या नवऱ्याचंच. गृहस्थांनी ती दोनदा वाचली आणि पत्र ठेवून घेतलं.

प्रयोग झाला. नंबर आला नाही. शेवटी माइकवरून सांगितलं, "लेखिका निर्मला कोरे यांनी उभं राहावं." बाई तिसऱ्या रांगेत बसून इकडेतिकडे बघत होत्या. मुलानं कोपरानं ढोसलं. "आई, तू."

तेव्हापासून जुन्या अंकातली लेखिका शोधायची असली की मी आधी तिच्या माहेरी लग्नपत्रिका मागतो. बहुतेकींचं ते नाव शेवटचं तिथंच छापलेलं असतं.